हळकुंडी टोप्या

लोकरीची टोपी हळकुंडासारखी असावी ही कल्पना मुळात कोणाची, याविषयी आखाडा बाळापूरच्या त्या घरात दोन मते होती. दत्तोपंतांच्या मते ती त्यांची होती. ताराबाईंच्या मते त्यांनी केवळ "हे हळकुंडासारखं दिसतंय" एवढेच उद्गार काढले होते, आणि तेही नावे ठेवण्यासाठी. नावे ठेवणे आणि कल्पना सुचणे या दोन भिन्न क्रिया होत. दत्तोपंत वादात सहसा माघार घेत नसत. परंतु असले भेद त्यांनी स्वतःच आयुष्यभर बायकोला शिकविले असल्यामुळे या ठिकाणी त्यांना माघार घ्यावी लागली.

ती पहिली टोपी मात्र त्या वर्णनाला सर्वस्वी पात्र होती. मागल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून ताराबाईंचे उजवे मनगट मोडले होते. प्लास्टर निघाले, पण बोटे ताठ ती ताठच राहिली. कणीक मळता येईना, पातेले उचलता येईना, वेणीचा पेड धरता येईना. नांदेडच्या डॉक्टरांनी दाबायला रबराचा एक चेंडू दिला. "दिवसभर चेंडू दाबत बसलेली बाई शहाणी दिसत नाही," असे म्हणून ताराबाईंनी तो फडताळात ठेवला आणि जुन्या विणकामाच्या सुया बाहेर काढल्या. नातू चिन्मय तीन वर्षांचा. त्याच्यासाठी कानटोपी विणायला घेतली. टाके कुठे सैल, कुठे गच्च पडले. टोपी एका अंगाला फुगली, दुसऱ्या अंगाला तिला गाठीसारखी टेंगळे आली, शेंडा वाकडा झाला. त्यावर दत्तोपंतांचे ते उद्गार. ताराबाईंनी टोपी दूर धरून पाहिली आणि त्या हसल्या. मग त्यांनी ठरविले की संक्रांतीनंतरच्या रविवारी चिन्मयचे बोरन्हाण करायचे, आळीतली सगळी लेकरे बोलवायची, आणि बोरे, हरभरे, हलवा ज्यांच्या डोक्यांवर ओतायचा त्या प्रत्येक डोक्यावर एक हळकुंड असले पाहिजे. पहिल्या टोपीत जे नकळत झाले, ते पुढच्या टोप्यांत मुद्दाम करायचे. टेंगळांत थोडा कापूस भरला की झाले.

लोकर दिली पंचफुलाबाईने. ही शिरड शहापूरची. दरवर्षी हिवाळ्यात नवरा मसाजी आणि ती आपला कळप घेऊन येत आणि खतासाठी आळीतल्याच हळद पिकवणाऱ्या किशनरावांच्या रानात मेंढरे बसवीत. कोकरांची पहिली कातर फार मऊ असते. माणसाच्या लेकराचे जावळ तसे ते कोकराचे जावळ. त्यातली पांढरी तेवढी निवडून पंचफुलाबाईने सूत काढून दिले आणि मोबदला म्हणून आपल्या नातवासाठी एक टोपी आधीच मागून ठेवली. रंग घरचाच. ज्या जिल्ह्यात निम्मी राने हळदीची आहेत, तेथे पिवळा रंग विकत आणणे ताराबाईंना पटण्यासारखे नव्हते. तुरटी घालून हळद उकळली, सूत बुचकळले, सावलीत वाळविले.

दसऱ्यापासून पौषापर्यंत टोप्या होत गेल्या. आरंभीच्या सैल होत्या, मधल्या बऱ्या होत्या, आणि शेवटच्या इतक्या नेटक्या की उलट्या-सुलट्या टाक्यांच्या ओळी आखल्यासारख्या दिसत. टोपलीतल्या टोप्या खालून वर पाहत गेले असता ताराबाईंचे मनगट कसकसे बरे होत गेले ते कळत असे. ताराबाई हे कोणाला बोलून दाखवीत नसत. पण टोपली मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशीच ठेवीत.

दत्तोपंत तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि आळीतल्या महादेवाच्या देवळात संध्याकाळची पूजा व पंचांगवाचन त्यांच्याकडे होते. संक्रांतीला आठवडा उरला असता, नेहमीप्रमाणे, त्यांनी आरतीनंतर संक्रांतीचे वर्णन वाचावयास घेतले. मंडळी बऱ्यापैकी जमली होती. पुढे किशनराव मांडी घालून बसले होते. बायकांच्या बाजूला त्यांच्या पत्नी, ज्यांना सारी आळी मोठ्याबाई म्हणत असे, आणि सून राधिका. आणि खांबाला टेकून ताराबाई, हातात शेवटची टोपी.

"संक्रांत वाघावर बसून येत आहे," दत्तोपंत वाचू लागले. "उपवाहन घोडा. हातात गदा घेतलेली आहे. अंगावर…"

येथे ते थांबले. चष्म्याच्या वरून त्यांना खांबाशी चाललेल्या सुया दिसल्या आणि सुयांवर लोंबणारे ते पिवळेजर्द हळकुंड दिसले. ज्या मनुष्याने चाळीस वर्षे शासकीय टिपणीतला एक स्वल्पविराम कोणाला गाळू दिला नाही, त्याला ओळ गाळणे शक्य नव्हते.

"अंगावर पिवळे वस्त्र नेसलेली आहे."

सुया थांबल्या.

"पिवळं?" किशनराव म्हणाले. "म्हंजी पिवळं म्हागणार म्हना की. बराबर हाय ना पंत? संक्रांत जे नेसती ते म्हागतं."

"तसा समज आहे."

"मंग येऊ द्या बाईला. आमची हळद काढायलाच आली हाय."

पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे पाहत होत्या, आणि मग एकेक करून खांबाकडे पाहू लागल्या. कारण संक्रांत ज्या रंगाचे वस्त्र नेसून येते तो रंग वर्षभर अंगाला लावायचा नाही, लेकरांच्या तर नाहीच नाही, हे तिथल्या प्रत्येकीला पाळण्यापासून ठाऊक होते.

घरी आल्यावर ताराबाईंनी ताटे मांडली आणि मग बोलायला सुरुवात केली.

"हे पंचांग पाडव्याला घरात आलं. त्या दिवशी तुम्ही ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. वरण गार झालं होतं."

"वाचलं."

"म्हणजे संक्रांत पिवळं नेसून येणार हे तुम्हाला चैत्रातच ठाऊक होतं."

"होतं."

"आणि दसऱ्यापासून मी याच घरात हळद उकळून राहिले. तुमच्या धोतराला शिंतोडा उडाला तर तासभर बोललात."

"धोतराचा विषय स्वतंत्र होता. पंचांगाविषयी तू मला काहीच विचारलं नाहीस."

"मी विचारायचं? तुम्हाला न विचारता तुम्ही जगाला सांगत असता."

हे खरे असल्यामुळे दत्तोपंत भात कालवू लागले.

"आज तरी दुसरं वाचायचं होतं," ताराबाई म्हणाल्या. "निळं म्हणायचं. कोण बघायला येणार होतं पुस्तकात?"

"मी बघत होतो."

ताराबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि तूप वाढले. वाढताना चमचा डाव्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी राधिका आली. तिची चार वर्षांची रागिणी पंधरा दिवस आपल्या टोपीची वाट पाहत होती.

"काकू, माझं काय न्हाई हो," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "पण मोठ्याबाई म्हनतात, वर्षाचा सन, लेकराच्या डोस्क्यावर काहून घ्यायचं? बोरन्हाणाला येतोच आमी. टोपी तेवढी नको."

मग जिच्या घरी दोन मुले होती ती आली, जिच्या घरी तीन होती ती आली. सगळ्या तेच बोलल्या, आणि तितक्याच गोड आवाजात. दत्तोपंतांना हे सोसेना. ते उठून किशनरावांच्या ओसरीवर गेले आणि त्यांनी मोठ्याबाईंना समजावून सांगितले की ग्रंथात जे आहे ते वर्णन होय. वर्णन म्हणजे निषेध नव्हे. राजा काळ्या घोड्यावर बसला असे म्हटल्याने प्रजेने घोडे विकावेत असा अर्थ निघत नाही. मोठ्याबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"पंत, मागं संक्रांत हिरवं नेसून आली तवा माज्या राधिकेला माहेरून हिरवं लुगडं आलं व्हतं. ह्याच ओसरीवर बसून तुमी म्हनले, घडी मोडू नका. आठवतं?"

"आठवतं."

"ते लुगडं अजून पेटीत हाय."

दत्तोपंत परत आले. ताराबाई ओट्यावर बसल्या होत्या, हात मांडीवर.

"एक मुद्दा राहिला आहे," ते म्हणाले. "हळद ही मंगल वस्तू असल्यामुळे, तिचा पिवळेपणा वस्त्राच्या पिवळेपणाहून…"

"अहो, मला शास्त्रार्थ नको. मला डोकी पाहिजेत."

टोपली माळ्यावर गेली. त्याबरोबर सुयाही गेल्या, आणि दत्तोपंतांच्या लक्षात आले ते हे की मनगटही पुन्हा आखडू लागले. दोन-तीन दिवसांत ताराबाईंनी कणीक मळायला त्यांना हाक मारली. पुढे नारळ फोडायला. भोगीच्या आदल्या दिवशी त्यांनी डब्याचे झाकण उघडायला दिले. काही न बोलता दिले, आणि तेच दत्तोपंतांना जड गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की आता हात थांबला तर पुढे चालवणे अवघड. टोप्या कोणी घातल्या नाहीत तर सुया माळ्यावरून खाली येणार नव्हत्या, आणि सुया आल्या नाहीत तर तो हात तसाच राहणार होता.

भोगीच्या सकाळी ताराबाई भाजीसाठी बाजारात गेल्या. दत्तोपंतांनी शिडी लावली. त्यांचे अनुमान असे होते: टोप्या मुळात पांढऱ्या होत्या. पिवळेपणा हा त्यांचा स्वभाव नसून त्यांच्यावर बाहेरून आलेला धर्म होता. जे पाण्याबरोबर आले ते पाण्याबरोबर जाईल. टोप्या पुन्हा पांढऱ्या झाल्या म्हणजे संक्रांतीला आणि मोठ्याबाईंना, कोणालाच आक्षेप राहणार नाही. अनुमान निर्दोष होते. उणीव एवढीच की अनुमान करणाऱ्याने जन्मात कधी हातरुमालसुद्धा धुतला नव्हता. त्यांनी न्हाणीघरातल्या घंगाळात थंड पाणी ओतले, कपाटावर "धुण्याचा सोडा" असे लिहिलेला डबा सापडला, त्यातला सोडा सढळ हाताने टाकला आणि सगळ्या टोप्या एकदम बुडविल्या.

पाणी लाल झाले.

दत्तोपंतांनी एक टोपी वर काढली. तीही लाल होती; विटकरीही नव्हे, चांगली लालभडक. त्यांनी ती पिळली, चोळली, पुन्हा बुडविली, पुन्हा काढली. जितकी चोळावी तितकी ती अधिक लाल होत होती. शेवटी त्यांनी सगळ्या बाहेर काढून न्हाणीच्या कठड्यावर ओळीने मांडल्या आणि ते समोर पाटावर बसून राहिले. कोपरापर्यंत हात तांबडे, धोतर तांबडे.

दाराशी आवाज आला. बाजारात भेटलेली पंचफुलाबाई ताराबाईंची पिशवी घेऊन बरोबर आली होती. ती आधी आत डोकावली आणि तिने पिशवी खाली ठेवली.

"तारामाय, इकडं या जरा. काकानं काय कापलं बघा."

ताराबाई आल्या. त्यांनी ओळीकडे पाहिले, घंगाळाकडे पाहिले, उघड्या डब्याकडे पाहिले.

"मी त्या पांढऱ्या करीत होतो," दत्तोपंत म्हणाले.

"हळदीला सोडा लावून?"

"हळदीला सोडा लावू नये असं कुठं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही."

पंचफुलाबाईने पदर तोंडाशी नेला. ताराबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी ओळीच्या टोकाची टोपी उचलली. ती शेवटची, देवळात हातात होती ती. तिच्यातून लाल पाणी टपकत होते. त्यांनी ती दोन्ही हातांनी पिळली. दत्तोपंतांना वाटले, आता त्या रडतील किंवा माहेरी फोन करतील. त्यांनी यापैकी काहीच केले नाही. टोपी डाव्या हातात धरून, उजव्या हाताने त्यांनी पिशवीतून सुगडासाठी आणलेले एक गाजर काढले, देशी, लालबुंद, आणि टोपीच्या शेजारी धरले.

"रानात खडा लागला की गाजराला असेच फाटे फुटतात," त्या म्हणाल्या.

"व्हय की," पंचफुलाबाई म्हणाली. "आमच्या मसाजीच्या पायासारखं दिसतंय."

मग मात्र ताराबाई हसल्या, आणि इतक्या हसल्या की गाजर घंगाळात पडले. दत्तोपंतही भीतभीत हसले.

"तुम्ही हसू नका. उठा. बाजारात जाऊन हिरवी लोकर आणा. आणि या उन्हात टाकू नका हो, रंग उडेल. सावलीत मांडा."

त्या संध्याकाळी माळ्यावरून सुया खाली आल्या. प्रत्येक लाल टोपीच्या शेंड्याला हिरवा पाला लावायचा होता: थोडा विणलेला, थोडा सुट्या दोऱ्यांचा गोंडा. गोंडे सारख्या लांबीचे व्हावेत म्हणून लोकर एखाद्या ताठ, चपट्या वस्तूभोवती गुंडाळावी लागते. ताराबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि पंचांग दत्तोपंतांच्या हातात दिले.

"यावर?" दत्तोपंत म्हणाले.

"सध्या त्याचं दुसरं काही काम नाही."

दत्तोपंतांनी पंचांग कपाळाला लावले, त्याची मनोमन क्षमा मागितली आणि लोकर गुंडाळू लागले. त्यांचे गोंडे अत्यंत काटेकोर होत. ताराबाईंची बोटे पहिल्या दोन पाल्यांना कुरकुरली, तिसऱ्यापासून चालू लागली.

रविवारी दुपारी अंगणात सतरंज्या पडल्या. चिन्मय काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून मधोमध बसला, आणि त्याच्या डोक्यावर, दिमाखाने, एक फाटे फुटलेले गाजर. आळीतली लेकरे आली ती टोपलीभोवतीच जमली. आयांनी मात्र त्यांचे हात धरून ठेवले होते. सगळ्या मोठ्याबाईंकडे पाहत होत्या. मोठ्याबाईंनी एक टोपी उचलली, उलटी केली, आतल्या टेंगळांत बोट घातले.

"पंत, ह्या त्याच व्हय?"

नव्या आहेत, एवढे दोन शब्द पुरले असते. ताराबाई बोरांच्या ताटाशी उभ्या होत्या आणि दत्तोपंतांकडे पाहत होत्या. पण नवऱ्याला खुणावून काही उपयोग नाही हे त्यांना लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलेले होते.

"त्याच," दत्तोपंत म्हणाले. "हळदीतल्याच. सोड्यात मी घातल्या, चुकून घातल्या. त्या लाल झाल्या."

"म्हंजी मुळात पिवळ्याच."

"मुळात पांढऱ्या. मध्ये पिवळ्या. आता लाल. मोठ्याबाई, तुमच्या कपाळाला काय आहे?"

"कुंकू हाय. दुसरं काय असनार?"

"ते कशाचं करतात?"

मोठ्याबाईंचे बोट कपाळाकडे गेले. त्यांच्या आईने घरी कुंकू करताना हळदीला काय काय लावले होते, हे त्यांना दत्तोपंतांपेक्षा चांगले माहीत होते.

"हळदीचंच," त्या म्हणाल्या.

"संक्रांत पिवळं नेसून आली म्हणून यंदा आपण कुंकू पुसलं का? जी वस्तू हळद होती आणि आता लाल आहे, तिला आपण लालच म्हणतो. तिच्या मागल्या जन्माची चौकशी करीत नाही."

"अन् पेटीतलं हिरवं लुगडं सोड्यात घातलं असतं तर?"

"ते मी पाहिलेलं नाही. त्याविषयी मी बोलणार नाही."

किशनराव मोठ्याने हसले. "घाल गं पोरीला टोपी. न्हाई तर पंत दिवस मावळू देतील, पन गप बसनार न्हाईत."

मोठ्याबाईंनी टोपी राधिकेकडे दिली, राधिकेने रागिणीच्या डोक्यावर चढविली, आणि मग इतर हातही सुटले. बघता बघता सतरंजीवर गाजरांचा वाफा उगवला. ताराबाईंनी ताट उचलले, दोन्ही हातांनी उचलले, आणि बोरे, हरभरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा यांची धार चिन्मयच्या डोक्यावर सोडली. लेकरे तुटून पडली.

या गोंधळात रागिणीला एक बोर आंबट लागले. तिने ते तोंडातून काढले आणि बोटे टोपीला पुसली. थोड्या वेळाने आंबटाने सोड्याची लाली उतरली आणि त्या जागी एक पिवळा ठिपका उमटला, मग दुसरा. मोठ्याबाईंना तो दिसला. त्यांनी दत्तोपंतांकडे पाहिले. दत्तोपंतांनी घसा साफ केला.

"अहो, राहू द्या," ताराबाई म्हणाल्या.

मोठ्याबाईंनी टोपी काढायला हात घातला. रागिणीने दोन्ही हातांनी पाला धरला आणि जोरात म्हटले, "माझं गाजर हाय. न्हाई देणार."

मग मोठ्याबाईंनी हात मागे घेतला.

"बोराचा डाग हाय तो," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "त्याचा काय संबंध न्हाई." साफ केलेला घसा तसाच ठेवून दत्तोपंत सांडलेली बोरे वेचू लागले.

खाऊ संपताच लेकरे किशनरावांच्या रानात पंचफुलाबाईची मेंढरे पाहायला पळाली. तिचा नातूही आपले गाजर सावरीत पुढे होता. कळपात दोन-चार शेळ्या असतातच. त्यांतल्या एकीने चिन्मयच्या डोक्यावरचा हिरवा पाला पाहिला, जवळ आली आणि गोंडा मुळासकट ओढून चावू लागली. चिन्मय रडत परत आला, मागे सगळा वाफा आणि सगळ्यांत मागे पंचफुलाबाई.

"माय, म्या काय करू? तिला खरंच वाटलं," ती म्हणाली.

"टोपी काढ रे, लावून देते," ताराबाई म्हणाल्या.

चिन्मय टोपी काढायला तयार नव्हता. तेव्हा त्यांनी त्याला पायरीवर बसविले, त्याचे डोके आपल्या गुडघ्यांत धरले आणि टोपी त्याच्या डोक्यावर असतानाच नवा पाला शिवायला घेतला. दत्तोपंत शेजारी हिरव्या लोकरीचा गुंडा धरून उभे राहिले. सुई भराभर आत-बाहेर होऊ लागली. मोठ्याबाई वाकून पाहत होत्या. टोपीकडे नव्हे, मनगटाकडे.

"हात चांगला चालून राहिला की, तारा."

"हलू नको रे," ताराबाई चिन्मयला म्हणाल्या, आणि दाताने दोरा तोडून त्यांनी पुढचा टाका घातला.